रात्रीची गोष्ट शेवटाकडून रचताना

मनाने गोष्ट रचून सांगायची म्हटलं की बहुतेक जण सुरुवातीलाच अडतात. ‘एक होता ससा’ इथपर्यंत सगळं ठीक जातं, पुढे त्या सशाने काय करायचं ते सुचत नाही. मी उलटीकडून सुरू करते. ससा कुठे झोपला, कसा झोपला, अंगावर काय घेऊन झोपला, हे आधी पक्कं करायचं. मग तो तिथून लांब कसा गेला ते शोधायचं. गोष्ट म्हणजे तेवढं जाणं आणि तेवढं येणं. एवढं ठरलं की मधलं सुचायला वेळ लागत नाही, कारण काय सुचायला हवं ते आपल्याला माहीत असतं.

यामागे कारण आहे. दिवसा सांगायच्या गोष्टीत उत्कंठा चढत चढत शेवटपर्यंत जाते आणि अगदी अखेरीला सुटते. तशी गोष्ट अंथरुणात सांगितली तर ती संपते त्या क्षणी मूल टक्क जागं असतं. रात्रीच्या गोष्टीतला सगळ्यात अवघड प्रसंग अर्ध्याच्या आत उरकावा लागतो. दहा मिनिटांची गोष्ट धरली तर चौथ्या मिनिटाला अडचण शिगेला पोचली पाहिजे, पाचव्या-सहाव्याला ती सुटलेली असली पाहिजे आणि उरलेली चार मिनिटं निव्वळ परतीची. हा परतीचा भाग मोठ्यांना फालतू वाटतो, म्हणून ते ‘मग तो घरी गेला आणि झोपला’ एवढ्यावर गुंडाळतात. मूल मात्र अजून त्या अवघड प्रसंगातच असतं. मग ‘पण तो राक्षस कुठे गेला?’, ‘तो परत येईल का?’ असे प्रश्न सुरू होतात आणि पुढचा अर्धा तास त्यात जातो.

परतीच्या वाटेवर नवीन काहीही आणायचं नाही. जाताना जी ठिकाणं लागली तीच उलट्या क्रमाने लागतात. तीच माणसं, तेच प्राणी पुन्हा भेटतात, फक्त आता ते जांभया देत असतात किंवा झोपलेले असतात. पुढे काय येणार हे मुलाला आधीच माहीत असतं, त्यामुळे त्याच्या डोक्याला सोडवायला काही उरत नाही.

एक गोष्ट रचूनच दाखवते. मुलाला ‘आज कोणाची गोष्ट सांगू?’ असं मोकळं विचारलं तर दमलेलं मूल एक तर गप्प बसतं किंवा कालचंच नाव घेतं. त्यापेक्षा दोन पर्याय द्यावेत: ‘बुटाची सांगू की चमच्याची?’ समजा, ‘बुटाची’ असं उत्तर आलं. आता शेवट ठरवायचा. कपाटात दोन बूट शेजारी शेजारी, एकाची नाडी दुसऱ्यावर पडलेली. म्हणजे सुरुवातीला कपाटात एकच बूट असणार, डावा. त्याला हवाय उजवा. आडवं काय येतं? एकटा बूट चालू शकत नाही, त्याला उड्याच माराव्या लागतात. कोण, काय हवंय, काय आडवं येतं आणि कुठे विसावतो, हे चार धागे मिळाले की सांगाडा उभा राहिला.

आता तीन ठिकाणं: पायरी, गवत, झाडाखालचा चिखल. पायरीवर मांजर, गवतात गोगलगाय. मांजराने उजवा बूट पाहिलेला नाही, पण ‘फच्च’ असा आवाज ऐकलाय. गोगलगायीने बुटाचा ठसा पाहिलाय, तिच्या वाटेत खड्डा पडला म्हणून ती जरा रागावलेलीही आहे. तिसऱ्या ठिकाणी उजवा बूट चिखलात रुतून बसलाय. डावा ओढतो, निघत नाही. मांजर येतं, तरी निघत नाही. गोगलगाय नाडीचं टोक धरते, सगळे मिळून ‘हुप्पा हुय्या’ करतात आणि बूट सुटतो. हा झाला शिखराचा प्रसंग, चौथ्या-पाचव्या मिनिटाला. नंतर परत गवत, परत पायरी, पायपुसण्यावर पुसलेला चिखल, कपाट, अंधार, नाडीवर नाडी.

प्रयत्न तीनच का? एका प्रयत्नात जमलं तर अडचण अडचण वाटत नाही. दोनात घाई होते. तिसऱ्याला मुलाच्या लक्षात आलेलं असतं की काहीतरी बदलणार आणि ते कान टवकारतं. चार-पाच केले तर मोठ्या मुलाचं लक्ष उडतं, धाकट्याचा क्रम हरवतो.

या गोष्टीत एक काळजी घेतली आहे ती सहज दिसणार नाही. बूट दुपारी बाहेर पडतो आणि ते घर दुसऱ्याच कोणाचं तरी आहे. निर्जीव वस्तू बोलू-चालू लागण्याची गंमत दिवसा असते. पण ‘रात्री सगळे झोपले की या खोलीतला बूट उठून चालायला लागला’ असं सांगून दिवा बंद केला, तर मूल कपाटाकडे डोळे लावून पडून राहतं. साधारण तीन ते सहा या वयात अंधाराची, पलंगाखालच्या जागेची, अर्धवट उघड्या दाराची भीती सर्रास असते आणि कल्पनेतलं व खरं यातली रेघही अजून पुसटच असते. म्हणून मुलाची स्वतःची खोली, पलंगाखालची जागा, खिडकीबाहेरची सावली ही ठिकाणं गोष्टीत वापरायची नाहीत. हरवलेली वस्तू पलंगाखाली सापडवण्याचा मोह फार होतो. ती दाराबाहेर किंवा झाडाखाली सापडू द्यावी. मूल ‘खरंच बूट चालतात?’ असं विचारेल, तेव्हा गूढ हसून टाळू नका. ‘नाही. ही आपण रचलेली गोष्ट आहे,’ असं सरळ सांगा. गंमत कमी होत नाही, झोप मात्र शाबूत राहते.

आता पालुपद. गोष्टीला पालुपद असेल तर निम्मं काम ते करतं: आपल्याला पुढचं सुचायला दहा सेकंद मिळतात आणि मुलाला धरायला काहीतरी मिळतं. पाच ते आठ शब्द, त्यात एक नादाचा शब्द आणि एक यमक, एवढं पुरतं. बुटाच्या गोष्टीत ते असं:

टुणुक टुणुक उडी,
कुठे माझी जोडी?

जाताना ते तीनदा येतं. पहिल्यांदा आपण पूर्ण म्हणायचं. दुसऱ्यांदाही पूर्ण, पण जरा सावकाश. तिसऱ्यांदा ‘कुठे माझी…’ म्हणून थांबायचं, ‘जोडी!’ मूल म्हणतं. परतीच्या वाटेवर मात्र गाळलेल्या जागा ठेवायच्या नाहीत, कारण गाळलेली जागा म्हणजे प्रश्न आणि प्रश्नाने मूल जागं होतं. तिथे पालुपदच बदलायचं आणि ते आपणच म्हणायचं:

टप टप, टप टप, चालली जोडी,
वाट राहिली आता थोडी.

‘टुणुक’ या शब्दातच उडी आहे, तो हळू म्हणता येत नाही. ‘टप टप’ कितीही संथ करता येतो. नादाचे शब्द निवडताना हे बघत जा. धडाम, फच्च, खळ्ळ, गडगड, टुणुक हे सगळे पहिल्या अर्ध्यातले. सळसळ, रिमझिम, झुळझुळ, टप टप, हळूहळू हे परतीचे. मराठीत असे शब्द पोत्याने आहेत, आणि लहान मुलांना वर्णनापेक्षा ते लवकर भिडतात. ‘पाऊस जोरात पडत होता’ या वाक्याच्या जागी ‘बाहेर पाऊस, धो धो धो धो’ म्हणून बघा.

बोलण्याचा वेग सांगायचा तर सुरुवातीला नेहमीसारखं बोललं तरी चालतं, उत्तरार्धात मिनिटाला शंभराच्या आत शब्द यायला हवेत. मुद्दाम मोजायची गरज नाही. प्रत्येक वाक्यानंतर एक पूर्ण श्वास घेतला की वेग आपोआप तेवढा उतरतो. आवाजाची पट्टी खाली आणायची, पण कुजबुज करायची नाही. कुजबुजलं की ऐकायला मूल कान ताणतं. वाक्यांची लांबीही बदलायची: आधी तुटक, चार-पाच शब्दांची वाक्यं, शेवटी लांब, ‘आणि’ने जोडलेली, सारख्या लयीची. वेगवेगळ्या पात्रांचे वेगवेगळे आवाज काढायची हौस असेल तर ती शिखराच्या प्रसंगापर्यंतच. हसवायचं तेही तोवरच. शेवटच्या तीन मिनिटांत गोगलगायीचा गमतीदार आवाज काढला तर खिदळणारं मूल पुन्हा शांत व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढी झोप पुढे गेली असं समजायचं.

वयाप्रमाणे लांबी बदलते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला तीन-चार मिनिटं, दोन पात्रं आणि एकच ठिकाण पुरतं. त्याला अडचणही नको, ‘पिल्लू चाललं, चाललं, आणि आई भेटली’ एवढी गोष्ट झाली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाच ते सात मिनिटं आणि तीन पात्रं. पाच-सहाला दहा मिनिटं, चार पात्रं. याहून लांबवू नये, कारण आपण थकतो आणि शेवटाची घाई करतो. नावं दोन-तीन अक्षरी आणि वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी घ्यावीत. चिमी, चिंगी आणि चिंटू एकाच गोष्टीत आले तर अंधारात, झोपाळलेल्या कानांना ते एकच वाटतात.

तयारीचं थोडक्यात. पाणी पिणं, शू, दात घासणं, आवडतं खेळणं शोधणं हे सगळं गोष्टीच्या आधी. गोष्ट अर्ध्यात असताना ‘शू आली’ म्हणून उठलेलं मूल परत येतं ते ताजंतवानं होऊन. दिवा मंद, पडदे बंद आणि स्क्रीन बराच वेळ आधीच बाजूला, कारण तिच्या उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन कमी स्रवतं. निजायच्या वेळेच्या वीसेक मिनिटं आधी गोष्ट सुरू केली म्हणजे गोष्टीनंतर थोडी शांतता उरते. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दुपारची झोप धरून चोवीस तासांत १० ते १३ तास झोप सुचवली आहे. सकाळी उठायची वेळ ठरलेली असेल तर तिथून मागे मोजा म्हणजे गोष्ट कधी सुरू व्हायला हवी ते कळतं.

मूल गोष्ट चालू असतानाच झोपी जावं, असं सगळ्यांना वाटतं. मला मात्र गोष्ट पूर्ण संपावी, मूल पेंगुळलेलं पण जागं असावं आणि शेवटचं वाक्य त्याच्या कानावर पडावं, हे जास्त बरं वाटतं. रात्री झोपेचं एक आवर्तन संपून दुसरं सुरू होताना मुलं थोडी चाळवतात, हे नेहमीचंच आहे. रोज कोणीतरी बोलत असतानाच डोळा लागत असेल, तर मध्यरात्री चाळवलेलं मूलही तोच आवाज शोधतं. गोष्ट संपली, आवाज थांबला आणि मग आपण झोपलो, हा क्रम मुलाच्या अंगवळणी पडू द्यावा. यासाठीच शेवटचं वाक्य रोज एकच ठेवते. जुन्या कहाण्यांना ‘आटपाट नगर’ होतं आणि ‘सुफळ संपूर्ण’ होतं ते काही उगीच नव्हतं. तशी आपली दारं असावीत, एक आत शिरायचं आणि एक बाहेर पडायचं.

मूल उतरणीला लागलं हे ओळखता येतं. पापण्या सावकाश मिटायला लागतात, हातातलं खेळणं सैल पडतं, पालुपद आवाजात न येता नुसते ओठ हलतात. हे सगळं परतीच्या पहिल्याच मिनिटाला दिसलं तर गवत गाळून थेट पायरीवर या. उलट शेवट आला तरी डोळे टक्क असतील, तर नवा प्रसंग घालू नका. कपाटात आणखी कोण कोण झोपलंय ते एकेक सांगत जा: सँडल झोपल्या, छत्री झोपली, चप्पल झोपली. ही यादी हवी तेवढी लांबते आणि तिच्यात काहीच घडत नाही.

मूल मध्येच गोष्टीत हात घालतं, ‘आणि मग तिथे डायनासोर आला!’ म्हणतं. पहिल्या अर्ध्यात येईल ते सगळं घ्यावं. डायनासोर आला, त्याने विचारलं, ‘माझा बूट हरवलाय, तुम्ही पाहिलात का?’ आणि तो पुढे निघून गेला. पात्र घ्यायचं पण सांगाडा हलू द्यायचा नाही. बूट चिखलातून निघाल्यावर मात्र फक्त दोन पर्यायांतली निवड विचारायची: ‘आधी मांजर झोपलं की गोगलगाय?’ आणि शेवटच्या दोन मिनिटांत तेही नाही. त्या वेळी डायनासोर परत आलाच तर ‘तो केव्हाच झोपला,’ असं म्हणून पुढे जायचं. वाद होत नाही, कारण आपण त्याला नाकारलेलं नसतं.

भीतीचं माप हा सगळ्यात नाजूक भाग. थोडीही भीती नसलेली गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला बेचव लागते. मी तीन गोष्टी बघते. नायक संकटात एकटा किती वेळ आहे? दोन-चार वाक्यांपेक्षा जास्त नको. मोठ्या प्राण्याला किंवा राक्षसाला काही हास्यास्पद खोट आहे का? ती तो आल्या आल्याच दिसली पाहिजे. त्याला शिंका येत असतील, तर पहिल्याच वाक्यात शिंक हवी. आणि शेवटी त्याचं काय झालं ते मुलाला नक्की कळलं का? पळून गेलेला राक्षस कुठेतरी असतोच. घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपलेला राक्षस मिटला. आई-बाबा हरवणं, मरणं, घर सोडून जाणं हे विषय रात्री नकोत. मुलाच्या मनात असे प्रश्न असतील तर ते दिवसा, उजेडात, मांडीवर बसवून बोलायचे असतात. वाईट स्वप्नं बहुतेक रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे पडतात. असं जागं झालेल्या मुलाला स्वप्न आठवत असतं. त्या वेळी नवी गोष्ट रचत बसू नये, संध्याकाळच्याच गोष्टीची शेवटची चार वाक्यं पुन्हा म्हणावीत.

दिवसभरात मुलाने जे केलं त्याचीच गोष्ट करून रात्री त्याला शहाणपण शिकवणं, ही फार जणांची सवय आहे. ‘एक होता मुलगा, तो भाजी खात नसे’ म्हटलं की मूल पहिल्याच वाक्याला ओळखतं, ओशाळतं किंवा चिडतं आणि गोष्टीवरचा त्याचा विश्वास कमी होतो. एखादा अवघड विषय घ्यायचाच असेल, उदाहरणार्थ नवीन भावंड किंवा शाळेचा पहिला दिवस, तर अंतर ठेवावं: प्राणी वेगळा, जागा वेगळी आणि घटनेनंतर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. तात्पर्य उच्चारू नये. मुलाच्याच नावाचा नायकही रोज नको, कारण मग ‘मी असं नाही केलं’ म्हणून दर वाक्याला हरकत येते.

‘कालचीच सांग’ ही मागणी आली की आपल्याला कंटाळा येतो, पण तिला मान द्यावा. २०११ साली ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हींकडे सारख्याच वेळा कानावर पडले होते, तरी तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना ते जास्त चांगले लक्षात राहिले. शिवाय माहीत असलेल्या गोष्टीत मूल लवकर सैलावतं. अडचण आपली असते: काल बूट लाल होता की निळा? मुलाला नक्की आठवतं, आणि चुकलं की ते उठून बसतं. म्हणून एक छोटी वही ठेवावी. गोष्ट झाल्यावर चार नोंदी: नाव आणि रंग, तीन ठिकाणं क्रमाने, पालुपद शब्दशः, शेवटचं दृश्य. दोन ओळी पुरतात. उशीर केला तर पालुपदाचे शब्द हमखास निसटतात.

आपण पार दमलेलो असतो त्या दिवसांसाठी ही वहीच कामी येते. जुना सांगाडा, फक्त पात्र बदललेलं: बुटाऐवजी हातमोजा, चिखलाऐवजी काटेरी झुडूप. मुलं ही अदलाबदल आनंदाने चालवून घेतात. ‘अजून एक’ म्हटलं तर तीच गोष्ट पुन्हा, पण बुटाने कपाटाकडे परत यायला सुरुवात केली तिथून. वेगवेगळ्या वयांची दोन मुलं एकत्र झोपत असतील, तर गोष्ट धाकट्याच्या मापाची ठेवून मोठ्याला काम द्यावं: दुसरं पालुपद त्याने म्हणायचं, तेही सावकाश. सावकाश म्हणायच्या नादात बहुधा मोठाच आधी झोपतो.

पुढे साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी मूल म्हणतं, ‘आज मी सांगतो.’ हे दिवसा ऐकावं, प्रवासात, जेवताना, हवं तेव्हा, आणि मन लावून ऐकावं. रात्री मात्र सांगायचं काम आपल्याकडेच ठेवावं. गोष्ट रचताना मूल पूर्ण जागं होतं, आणि त्याच्या गोष्टींना अजून परतीची वाट नसते.